एसटीच्या जागेचे कागद

बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळसारख्या गावाला शहरी पुनर्विकासाशी काय देणेघेणे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने पुण्याच्या शिवाजीनगर बसस्थानकाकडे पाहावे. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांचे हे पुण्यातले ठिकाण. मेट्रोच्या भुयारी स्थानकासाठी जागा मोकळी करून द्यायची म्हणून डिसेंबर 2019 च्या अखेरीस ते वाकडेवाडीला हलवण्यात आले. सोय तात्पुरती होती. शिवाजीनगरचे मेट्रो स्थानक 1 ऑगस्ट 2023 रोजी सुरू झाले, तरी एसटी वाकडेवाडीतच राहिली. मेहकरकडून पुण्याला शिकायला जाणारा पोरगा असो, नाहीतर लेकाकडे निघालेली म्हातारी, गाठोडी सावरत वाकडेवाडीत उतरण्याची पाळी त्यांच्यावर आली. जुन्या जागी नवे स्थानक कोणी बांधायचे, कोणाच्या खर्चाने, किती मुदतीत, आणि मुदत टळली तर कोणी काय भरायचे, याची उत्तरे पुढाऱ्यांच्या भाषणांत शोधून हाती काही लागत नाही. ती करारात असतात. करार सरकारी कपाटात असतो, आणि तो मागण्याचा हक्क जानेफळच्या माणसाला पुणेकराइतकाच आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 6(2) प्रमाणे माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराने सांगायचेच नसते. तो कुठे राहतो यावरूनही हक्क कमीजास्त होत नाही.

हक्क असा सरळ असताना बहुतेक अर्ज वाया का जातात? माझ्या मते याचे मुख्य कारण अधिकाऱ्यांच्या लबाडीपेक्षा अर्जाच्या घडणीत आहे. लोक माहिती अधिकारात जाब विचारतात, आणि कायदा जाब विचारण्यासाठी केलेला नाही. कलम 2(च) मध्ये माहितीची जी व्याख्या आहे तिच्यात अभिलेख, दस्तऐवज, टिपण्या, परिपत्रके, आदेश, नोंदवह्या, संविदा, अहवाल, नमुने असे जे जे कुठल्या तरी रूपात अस्तित्वात आहे ते येते. ‘असे का केले’ याचे उत्तर कोणी लिहून ठेवलेले असेल तर तो लिहिलेला कागद मिळतो. नसेल तर अधिकाऱ्याने ते तुमच्यासाठी नव्याने तयार करावे असे बंधन नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील खंडपीठाने 2008 मध्ये डॉ. सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात हेच ठरवले. पुढे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात सांगितले की कार्यालयाकडे जे आहे आणि जसे आहे ते द्यायचे, मत द्यायचे नाही की विखुरलेल्या गोष्टी गोळा करून नवा तक्ताही करून द्यायचा नाही. या निकालांवर कार्यकर्त्यांची नाराजी आहे, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही, कारण याच कायद्याचे कलम 4(1)(घ) प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना सांगावीत असे म्हणते. पण कारण सांगण्याचे ते कर्तव्य आणि अर्ज करून कागद मिळवण्याचा हक्क या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिल्या वाटेवर अधिकाऱ्याच्या इच्छेवर विसंबावे लागते. दुसरीवर मुदत आहे, अपील आहे आणि दंड आहे.

हा हक्क जन्माला आला तोही कागदांच्या मागणीतूनच. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या तेव्हा तिथल्या मजुरांनी भ्रष्टाचार झाला की नाही असा प्रश्न सरकारला विचारलाच नाही. त्यांनी हजेरीपट, बिले आणि व्हाउचर यांच्या नकला मागितल्या. त्या भरसभेत मोठ्याने वाचल्या, आणि मेलेली माणसे हजेरीवर कशी, न बांधलेल्या भिंतीचे सिमेंट कुठे गेले, हे ऐकणाऱ्यांनीच ओळखले. 1996 मध्ये ब्यावरला धरणे झाले ते या नकलांसाठी. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा स्वतंत्र कायदा आला, आणि केंद्राचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाल्यावर तो मागे पडला. या साऱ्या इतिहासात निष्कर्ष लोकांनी काढले, सरकारने फक्त पुरावा दिला. कामाची ही वाटणी मला योग्य वाटते. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच निष्कर्ष विचारून काय मिळणार?

आता बसस्थानकाच्या पुनर्विकासात कोणते कागद तयार होतात ते पाहू. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या जागा बहुतेक ठिकाणी गावाच्या भर बाजारात आहेत. महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेला आहे, हे त्याच्या 2025 च्या श्वेतपत्रिकेतच नोंदलेले आहे. तेव्हा जागेतून पैसा उभा करावा हा विचार ओघानेच येतो. ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या पद्धतीत विकासक महामंडळाला फलाट, प्रतीक्षालय, चालक-वाहकांची विश्रांतीची खोली वगैरे स्वखर्चाने बांधून देतो, वर काही रक्कम भरतो, आणि उरलेल्या बांधकामात गाळे, कार्यालये काढून ठरावीक वर्षे त्यांचे उत्पन्न घेतो. ही वर्षे किती, हा सगळ्या व्यवहाराचा गाभा. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती मर्यादा 60 वर्षांवरून 49 अधिक 49, म्हणजे 98 वर्षांवर नेली. अशा व्यवहारात सर्वात आधी येतो जागेचा मालकी कागद, म्हणजे सातबारा किंवा मिळकत पत्रिका. पुष्कळदा जागा सरकारने किंवा नगरपालिकेने ‘बसस्थानकासाठी’ अशी अट घालून दिलेली असते, आणि ती अट मूळ आदेशातच सापडते. मग महामंडळाच्या संचालक मंडळाचा ठराव आणि त्यामागची टिपणी, निविदा पुस्तिका, आलेल्या निविदांचा तुलनात्मक तक्ता, स्वीकृतीपत्र आणि करारनामा. करारानंतर नगरपालिकेने मंजूर केलेला नकाशा व बांधकाम परवानगी, कामाची मोजमाप पुस्तिका, मुदतवाढीचे आदेश, दंड लावला असल्यास त्याची पत्रे, विकासकाने भरलेल्या रकमांच्या पावत्या, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. प्रवाशाच्या दृष्टीने यांतली दोन कागदपत्रे सर्वात मोलाची: करारनाम्याला जोडलेले परिशिष्ट, ज्यात किती फलाट, किती शौचालये, किती चौरस मीटर प्रतीक्षालय द्यायचे ते लिहिलेले असते, आणि मंजूर नकाशा. हे दोन्ही हातात घेऊन स्थानकावर उभे राहिले की बाकीचे काम डोळेच करतात. कायद्याने तर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. तो वापरणारे फार थोडे.

समजा, तालुक्याच्या बसस्थानकावर व्यापारी संकुल होणार, काम अर्धवट पडले आहे, अशी चर्चा जानेफळच्या हॉटेलात रोज चालते. त्यातल्या एकाने अर्ज लिहिला: काम का रखडले, जबाबदार कोण, यात गैरव्यवहार झाला आहे काय, दोषींवर कारवाई कधी होणार? याला ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर येईल, आणि अपिलातही ते टिकेल. तोच माणूस आता अर्जाचा ठरलेला नमुना, म्हणजे जोडपत्र ‘अ’, पुढे घेतो. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतो आणि जन माहिती अधिकारी, विभागीय नियंत्रकांचे कार्यालय, बुलढाणा असे लिहितो. माहितीचा विषय या रकान्यात फक्त स्थानकाचे नाव आणि ‘जागेचा पुनर्विकास’. कालावधीच्या रकान्यात निविदा निघाली ते वर्ष ते अर्जाची तारीख. तपशिलाच्या रकान्यात: संचालक मंडळाच्या मंजुरीचा ठराव व त्यावरील टिपणी, विकासकाशी झालेला करारनामा सर्व परिशिष्टांसह, मुदतवाढीचे सर्व आदेश, विकासकाने भरलेल्या रकमांच्या पावत्या, यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात, आणि प्रती देण्यापूर्वी मूळ फाईल पाहू द्यावी. ‘का रखडले’ हा प्रश्न यात कुठेही नाही, पण त्याचे उत्तर मुदतवाढीच्या आदेशातच दडलेले आहे, कारण मुदतवाढ कारण लिहिल्याशिवाय देता येत नाही. फाईल पाहू द्यावी हे शेवटचे वाक्य अनेक जण विसरतात. महाराष्ट्राच्या नियमांत पाहणीचा पहिला तास फुकट आणि पुढच्या प्रत्येक पंधरा मिनिटांना पाच रुपये आहेत. प्रतीला पानामागे दोन रुपये. चारशे पानांची फाईल आधी पाहून तिच्यातली वीस पाने निवडली तर पैसे वाचतात. शिवाय आपण ज्याचे नावही घेतले नसते असा कागद तिथे हाती लागतो.

कागद कुठल्या टेबलावर आहे याचा अंदाज घेणेही महत्त्वाचे. आगारात गाड्यांचे वेळापत्रक आणि गाळेधारकांच्या नोंदी मिळतील. बांधकामाचा पत्रव्यवहार विभागीय कार्यालयात असेल. ठराव आणि करार मुंबई सेंट्रलच्या मध्यवर्ती कार्यालयात. नकाशा नगरपालिकेत, मिळकत पत्रिका भूमी अभिलेख खात्यात. ‘ही माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ असे उत्तर देऊन मोकळे होण्याची मुभा मात्र कोणालाच नाही. कलम 6(3) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. रेल्वेची गोष्ट थोडी वेगळी आहे. शेगाव, मलकापूर ही स्थानके अमृत भारत योजनेत आहेत, पण रेल्वे केंद्राची असल्याने तिथे केंद्राचे नियम लागतात. आणि रस्त्यांच्या नावाने चालणारी संस्था फक्त रस्तेच बांधते असेही नाही: समृद्धी महामार्ग बांधणाऱ्या रस्ते विकास महामंडळाकडेच महामार्गालगतच्या नवनगरांचे नियोजन देण्यात आले, आणि त्यांत मेहकर तालुक्यातला साब्रा-काब्रा परिसर आहे. जमीन एकत्रीकरणात कोणाला कोणता भूखंड मिळणार, हे ज्याला पाहायचे आहे त्याला आराखडा मागायला त्याच महामंडळाच्या दारात जावे लागते.

करारनामा मागितला की हमखास येणारे उत्तर म्हणजे व्यापारी गोपनीयता. कलम 8(1)(घ) तसे म्हणते खरे: ज्यामुळे त्रयस्थ पक्षाच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का बसेल अशी वाणिज्यिक गुपिते देता येणार नाहीत. विकासकाच्या बाजूने इतके मान्य करायला हवे की निविदा उघडण्याआधी दुसऱ्याचा दर फुटला तर सरकारचेच नुकसान आहे. पण स्पर्धा संपल्यावर कोणती स्पर्धा धोक्यात येते? झारखंड उच्च न्यायालयाने नवीनकुमार सिन्हा प्रकरणात निविदा प्रक्रिया पूर्ण झाल्यावर हे संरक्षण उरत नाही असेच म्हटले आहे. माहितीच्या व्याख्येत ‘संविदा’ हा शब्द कायदेमंडळाने मुद्दाम घातला तो करार लपवण्यासाठी तर नक्कीच नाही. याहून जुना आणि फार कमी वापरला जाणारा एक आधार 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. एका वर्षाहून अधिक मुदतीचा स्थावर मालमत्तेचा भाडेपट्टा त्याच्या कलम 17 प्रमाणे नोंदवावाच लागतो, आणि नोंदवलेल्या अशा दस्ताची नक्कल कलम 57 प्रमाणे शुल्क भरून कोणालाही मिळते. म्हणजे 98 वर्षांचा भाडेपट्टा नोंदला गेला त्या दिवशीच तो जगासाठी खुला झाला. दुय्यम निबंधकाकडे सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी, पाहून दस्त क्रमांक काढला की प्रत मिळवायला माहिती अधिकाराचीही गरज नाही. जो कागद शेजारच्या कार्यालयात पैसे मोजून मिळतो तो गोपनीय आहे असे सांगणारे उत्तर अपिलात वाचून दाखवावे. शेती विकताना सूची दोन काढायला रोज धावणारे आपण, सार्वजनिक जागेच्या बाबतीत ती विसरतो, हे मला चमत्कारिक वाटते. शिवाय गोपनीयता लागू असली तरी कलम 8(2) प्रमाणे व्यापक लोकहित मोठे ठरले तर माहिती देता येते, आणि कलम 10 प्रमाणे झाकायचा तेवढाच भाग झाकून उरलेला कागद द्यावा लागतो.

अशा कागदांनी प्रत्यक्षात काही घडते का? कुलाब्याच्या आदर्श सोसायटीचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचावे. ते लष्करी अधिकाऱ्यांच्या सदनिकांसाठी गाजले; पण त्याच्या मुळाशी परिवहनाची जागा आणि रस्ता होता. 31 मजल्यांची इमारत उभी राहण्यासाठी कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाची नियोजित रुंदी 60.97 मीटरवरून 18.40 मीटर करण्यात आली, आणि शेजारच्या बेस्टच्या आगारासाठी राखीव असलेल्या सुमारे 2,669 चौरस मीटर जागेचे चटई क्षेत्र सोसायटीला वापरू दिले गेले. हे कोणी कबूल केले नव्हते. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात वेगवेगळ्या कार्यालयांतून आदेश, पत्रे, सदस्यांच्या याद्या मिळवून शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा साखळी दिसू लागली. नोव्हेंबर 2010 मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, चौकशी आयोग नेमला गेला, आणि एप्रिल 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारत पाडण्याचा आदेश दिला; त्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. शेवट काहीही होवो, बसच्या आगाराची राखीव जागा सदनिकांच्या हिशेबात कशी शिरली हे आज कोणालाही तारखेनिशी सांगता येते. त्याचबरोबर हेही विसरून चालत नाही की पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतचे जमीन व्यवहार खणून काढणारे तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 रोजी खून झाला. जमिनीचा कागद मागणे नेहमीच निरुपद्रवी नसते. म्हणून असे अर्ज एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच जणांनी वेगवेगळ्या नावांनी करणे शहाणपणाचे.

अधिकाऱ्यांचीही एक तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला हवी. काही जण अर्जांचा धंदा करतात, एकाच कार्यालयाला शेकडो अर्ज टाकून ठेकेदाराकडून पैसे उकळतात, कर्मचाऱ्यांचा वेळ नकला काढण्यातच जातो. आदित्य बंदोपाध्याय निकालातही न्यायालयाने इशारा दिला आहे की 75 टक्के कर्मचारी 75 टक्के वेळ माहिती पुरवण्यात घालवत आहेत असे चित्र देशाला नको. महाराष्ट्राने 2012 मध्ये अर्ज एका विषयापुरता आणि 150 शब्दांत बसवण्याचा नियम केला तो याच कुरकुरीतून. केंद्राची मर्यादा 500 शब्दांची असताना राज्याने ती इतकी आवळावी याला मला काही आधार दिसत नाही. ज्याला लिहिण्याचा सराव नाही त्याच्यावरच तिचा भार पडतो. तरीही जो जाब विचारतो त्याला 150 शब्द पुरत नाहीत, आणि जो कागदाचे नाव घेतो त्याला साठ शब्दही पुरतात. राहिला प्रश्न धंद्याचा. खंडणीखोराची ताकद कागद दुर्मीळ असण्यात आहे. करार, नकाशे, पावत्या महामंडळाने कलम 4 प्रमाणे आपणहून संकेतस्थळावर टाकल्या तर त्या दाखवण्याची धमकी देऊन कोणाकडून पैसे निघणार? कायद्याला वीस वर्षे होऊन गेली तरी हे होत नाही, त्याला अर्जदार जबाबदार नाहीत.

यानंतरची आडकाठी म्हणजे वेळ. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील, त्यावर निर्णय तीस ते पंचेचाळीस दिवसांत, आणि मग नव्वद दिवसांत दुसरे अपील. बुलढाणा जिल्ह्याचे ते अमरावती खंडपीठाकडे जाते. राज्य माहिती आयोगाकडे 2023 मध्ये एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी तुंबलेल्या होत्या. उशिराला दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 असा दंड कायद्यात आहे, पण तो क्वचितच बसतो. नोव्हेंबर 2025 पासून वैयक्तिक माहितीचा अपवादही अधिक कडक झाला आहे. मात्र करार कंपनीचा असतो आणि ठराव महामंडळाचा, म्हणून पुनर्विकासाच्या कागदांना तो क्वचितच आड येईल. ‘फाईल सापडत नाही’ हे उत्तर आले तर मात्र गप्प बसू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात सांगितले की असलेली फाईल सापडत नसेल तर शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी लागते, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 मध्ये अभिलेखांच्या गैरव्यवस्थेला पाच वर्षांपर्यंतची कैद आहे. अपिलात या कायद्याचे नुसते नाव घेतले तरी हरवलेल्या फायली सापडल्याची उदाहरणे कार्यकर्ते सांगतात.

हे सगळे पाहता अर्जाची सर्वात चांगली वेळ सुरुवातीची आहे. सरकारी कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग असतात: ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क-1’ दहा वर्षे, ‘क’ पाच वर्षे, ‘ड’ एक वर्ष. मुदत संपलेला कागद नियमानेच नष्ट होतो आणि मग त्याबद्दल कोणाला दोषही देता येत नाही. 2025 च्या धोरणाखाली होणारा भाडेपट्टा मात्र बाविसाव्या शतकापर्यंत चालणार आहे. तेव्हा तुमच्या तालुक्याच्या बसस्थानकावर भूमिपूजनाची कोनशिला बसली की त्याच आठवड्यात ठराव आणि करारनामा मागणारा पहिला अर्ज टाका, आणि आलेल्या प्रतींचा एक संच गावच्या वाचनालयात ठेवा.